आईला घेऊन रेल्वेने सातारा: माझा अनुभव

आईचे माहेर साताऱ्याचे आणि आम्ही राहतो पुण्यात, हडपसरला. रस्त्याने अंतर जेमतेम 110 किलोमीटर, तरीही गेली सहा वर्षे तिचे तिकडे जाणे झाले नव्हते, कारण तिला गाडी लागते. खंबाटकीचा घाट सुरू झाला की तिचा चेहरा उतरतो आणि पुढचा सगळा दिवस वाया जातो. साताऱ्याजवळच्या माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर एकदा तरी जाऊन यायचे, असे ती वरचेवर म्हणायची. शेवटी मी रेल्वेचा विचार केला.

पुण्याहून निघालेला लोहमार्ग जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार असा पूर्वेकडून वळसा घेत साताऱ्याला पोहोचतो. त्यामुळे अंतर सुमारे 145 किलोमीटर भरते आणि वेळही एसटीपेक्षा जास्त लागतो. पण पाय लांब करून बसता येते, डब्यात स्वच्छतागृह असते आणि वळणावर अंगाला हिसका बसत नाही. एका दिवसात जाऊन येण्यासाठी आम्हाला महाराष्ट्र एक्स्प्रेस सोयीची वाटली, कारण कोल्हापूरकडे जाताना ती पुण्याहून पहाटे सुटते आणि गोंदियाकडे परतताना संध्याकाळी साताऱ्याला येते. आरक्षण 60 दिवस आधी खुले होते. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद असली, तरी खालचा बर्थ मिळण्यात त्यांना प्राधान्य असते आणि आईला तो दोन्ही वेळा मिळाला. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट मी एकाच बैठकीत काढले.

तरीही पहिली खेप फसली, आणि त्यात चूक माझीच होती. साताऱ्याचे स्थानक शहरात नाही. ते शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर, माहुलीच्या बाजूला आहे. हे मला ठाऊक होते, पण त्याचा दिवसाच्या आखणीशी संबंध आहे, हे लक्षात आले नव्हते. उतरल्या उतरल्या आम्ही रिक्षाने थेट राजवाड्याकडे गेलो, तिची शाळा पाहिली, तिच्या मैत्रिणीकडे जेवलो, कंदी पेढे घेतले आणि माहुली परतीच्या वाटेवरच आहे म्हणून शेवटी ठेवली. संध्याकाळी रिक्षा मिळायला वेळ लागला, पोवई नाक्यावर वाहनांची गर्दी होती आणि गाडी अगदी वेळेवर आली. आम्ही स्थानकात शिरलो तेव्हा फलाट रिकामा होता. माहुली तर राहिलीच. शिवाय परत शहरात जाऊन स्वारगेटची एसटी धरावी लागली. येताना घाट नसतो, बोगदा असतो, पण बोगद्यानंतरच्या नागमोडी वळणांवर आईला व्हायचा तो त्रास झालाच. त्या रात्री तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा मी दिवस उलट्या टोकाकडून आखला. परतीच्या गाडीच्या दीड तास आधी स्थानकात हजर असायचे, हे पहिले ठरवले आणि उरलेल्या वेळात काय बसते ते त्यानंतर पाहिले. लोणंद सोडल्यावर उजाडू लागले. आदर्कीचा घाट गाडी इतक्या सावकाश चढली की रुळांलगतच्या गवतावरचे दव दिसत होते. वाठारला आई खिडकीशी सरकून बसली. महाबळेश्वर-पाचगणीला जाणारे लोक पूर्वी याच स्थानकावर उतरत आणि पुढे घाटरस्त्याने जात, हे तिने तिच्या वडिलांकडून ऐकलेले होते.

साताऱ्याला उतरून आम्ही शहराकडे वळलोच नाही. रिक्षावाल्या दादांशी पूर्ण दिवसाचे बोलून घेतले आणि सरळ संगम माहुली गाठली. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात, त्या घाटावर सकाळी फारसे कोणी नव्हते. काळ्या दगडातले विश्वेश्वराचे मंदिर, समोरची दीपमाळ, पलीकडच्या तीरावर रामशास्त्री प्रभुण्यांचे क्षेत्र माहुली. महाराणी ताराबाई आणि येसूबाई यांच्या समाध्या याच परिसरात आहेत. त्या पाहायला येणारा माणूस घाईत असू नये, असे मला मनापासून वाटते. आई एका हाताने माझा खांदा धरून पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर शेवाळ होते, म्हणून ती वरच्या पायरीवर बसली, वाकून ओंजळभर पाणी घेतले आणि ते डोळ्यांना लावून बराच वेळ तशीच थांबली. मी घड्याळ पाहिले नाही, कारण त्या दिवशी पाहण्याची गरजच नव्हती.

दुपारी तासाभरासाठी मैत्रिणीकडे जाऊन आलो. शहरात आणखी पाहण्यासारखे पुष्कळ आहे, अजिंक्यतारा आहे, संग्रहालय आहे. पण आईच्या वयाला एका दिवसात एकच ठिकाण नीट पाहून होते. साडेचारलाच आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो होतो आणि तिने घरून आणलेली दशमी सोडली. गाडीत चढताच तिला झोप लागली. जेजुरी आली तेव्हा मी तिला हळूच उठवले, तिने अंधारातल्या गडाच्या दिशेने हात जोडले आणि ती पुन्हा आडवी झाली. प्रवासासाठी पिशवीत ठेवलेले लिंबू न कापताच घरी परत आले.