तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पुढून खटखट येते, ॲक्सल गेला का?’

भांडुपच्या गाळ्यात माझं रोजचं काम टेम्पो-रिक्षांचं. पण अलिबाग-नागावच्या वाड्यांवर वाळूत पळवायला घेतलेल्या जुन्या एटीव्ही, म्हणजे हँडलवर चालणाऱ्या, जाड टायरच्या चारचाकी गाड्या, टेम्पोत घालून मांडव्याहून रो-रोने भाऊच्या धक्क्याला येतात आणि त्यातल्या काही माझ्या दारात उतरतात. गाडीच्या आधी मालकाचा फोन येतो. प्रश्न ठरलेला: "दादा, पुढून खटखट येते, हँडल थरथरतं. ॲक्सल गेलाय वाटतं. बाहेरून मागवून घेऊ का?"

थांबा. आधी गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी, आहे का ते सांगा. चेनवर फक्त मागची चाकं ओढणारी गाडी असेल, तर पुढे ॲक्सल, म्हणजे चाकाला जोर पोचवणारा फिरता दांडा, नसतोच. नकलमधून (हँडलबरोबर वळणारा, चाक धरणारा तुकडा) बाहेर आलेला जाड खुंट, त्यावर बेअरिंगं आणि त्यांवर फिरणारं हब (चाक जिथे बोल्टने बसतं तो मधला भाग), एवढाच कारभार. तरीही ‘पुढचा ॲक्सल’ शोधत लोक रात्र रात्र मोबाइलवर घालवतात.

दुसरी चौकशी हवेची. एटीव्हीच्या टायरला साधारण ३ ते ७ पीएसआय हवा लागते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा टायरच्या कडेला असतो. पंपावरचा मुलगा सवयीने ३० भरून मोकळा होतो. टायर टम्म फुगतं, प्रत्येक दगडाचा दणका सरळ मनगटात येतो आणि मालकाला वाटतं, पुढचं सगळं खिळखिळं झालं. गाडीचा नेहमीचा गेज इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो, त्यामुळे कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. बाकी काहीही विकत घ्यायच्या आधी तो घ्या.

हवा नीट करूनही आवाज राहिला, तर पुढून जॅक लावा, खाली घोडे (टेकूचे स्टँड) सरकवा आणि चाकं अधांतरी करा. चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ लागला, तर कोणाला तरी पुढचा ब्रेक करकचून दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेकने हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात. त्यामुळे खेळ गायब झाला तर बेअरिंग गेलं; तसाच राहिला तर बॉल जॉइंट (नकल वळवणारा गोळ्याचा सांधा) किंवा ए-आर्मचे, म्हणजे नकलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या हाताचे, बुश. मग तीन आणि नऊला धरून हलवा. इथला खेळ बहुधा टाय रॉडच्या (हँडलचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) एंडचा, म्हणजे टोकाच्या सांध्याचा. एक हात चाकावर आणि दुसऱ्या हाताचं बोट सांध्यावर ठेवा. डोळ्याला न दिसणारी ‘कट्ट’ बोटाला बरोबर कळते. तिथेही काही नसेल, तर हँडलच्या उभ्या दांड्याचा बुश तपासा. त्याच्याकडे सहसा कोणी बघतच नाही.

किनाऱ्यावरच्या गाडीत बहुतेकदा बेअरिंगच निघतं, आणि त्याला पळवणं तितकं कारण नसतं जितकं पाणी. पळून तापलेलं हब लाटेत घातलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने खारं पाणी आत ओढलं जातं. त्यावर घरी आल्यावर प्रेशर जेटने धुलाई! नोझल हबवर धरलं की उरलेली वाळूही सीलखाली ढकलली जाते. गोड्या पाण्याने धुवा, जरूर धुवा, पण साध्या पाइपने आणि हब गार झाल्यावर.

आता बेअरिंग आणायचं कुठून? कंपनीचा डबाबंद किट मागवला तर महिनाभर वाट आणि खिशाला भोक. जुनं बेअरिंग पुसा, कडेवरचा नंबर वाचा आणि मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा. एटीव्हीचं नाव काढलंत तर काउंटरवरचे शेठ म्हणतील, "वो अपने पास नहीं आता." ६२०४ म्हणा, वर न बघता खोका पुढे सरकवतील. नंबरातले शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे भोकाचा व्यास. ६२०४ ला २० मिलिमीटर भोक, बाहेरून ४७, जाडी १४. हा हिशेब ०४ पासून पुढे चालतो; ०३ म्हणजे १७ आणि ०२ म्हणजे १५, ते पाठच करावं लागतं. नंबर गंजून गेला असेल तर व्हर्नियर लावून तीन मापं घ्या, तेवढी पुरतात. मागताना ‘टू-आर-एस’ म्हणा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. ‘झेड-झेड’ म्हणजे पत्र्याची झाकणं; वाळूच्या गाडीला ती उपयोगाची नाहीत. गाडी कोणत्याही देशातली असो, तिच्यातली बेअरिंगं, सील, पिना बहुतेक ठरलेल्या मापांच्या असतात आणि ती मापं या बाजाराला तोंडपाठ आहेत. म्हणून मी गिऱ्हाइकाला गाडीचं नाव बाजारात सांगूच देत नाही.

नवं बेअरिंग बसवताना हाताला काय जाणवतं, त्याकडे लक्ष द्या. ते घरात, म्हणजे हबमधल्या त्याच्या खोबणीत, दाबून, बाहेरच्या रिंगवर जोर देऊन बसायला हवं. हाताने सुळकन आत गेलं, तर घर झिजलंय. अशा वेळी बरेच मिस्त्री पंच घेऊन घराच्या आत गोल टोचे मारतात. उठलेल्या धातूवर बेअरिंग घट्ट बसतं, गिऱ्हाईक खूश. ते टोचे थोड्याच फेऱ्यांत चपटे होतात आणि खेळ परत येतो. खरं काम लेथवर: घर मोठं करून त्यात स्लीव्ह (धातूची नळी) दाबायची आणि ती बेअरिंगच्या मापाला बोअर करायची. टर्नर चांगला असेल तर संध्याकाळपर्यंत होतं. फट अगदी केसाइतकी असेल, तर बेअरिंग चिकटवायचं लॉकिंग कंपाउंडही चालतं.

फोर बाय फोरवाल्यांना मात्र ॲक्सलची शंका घ्यायचा हक्क आहे. हँडल पूर्ण वळवून हळू रेस दिल्यावर कटकट-कटकट आली, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी ॲक्सल फिरू देणारा सांधा. पुढे-मागे करताना एकच ‘धप्प’ आला, तर आतला जॉइंट किंवा त्याच्या मागचं काहीतरी. जॉइंटवरचं रबरी झाकण, म्हणजे बूट, नुकताच फाटला असेल आणि आवाज नसेल, तर ॲक्सल वाचतो. जॉइंट खोला, रॉकेलने धुवा, पूर्ण सुकवा, मोली ग्रीस भरा, नवा बूट आणि क्लॅम्प लावा. बुटाच्या दोन्ही तोंडांचे व्यास आणि लांबी मोजून न्या. कटकट सुरू झाली असेल, तर छर्‍यांनी आत खाचा पाडलेल्या असतात. ग्रीस भरल्याने आवाज चार दिवस दबेल, खाचा भरून येणार नाहीत. ॲक्सल काढताना दांडा धरून हिसके देऊ नका. आतल्या जॉइंटच्या वाटीपाशी टॉमी (पहारीसारखी छोटी सळई) लावून सरळ उचका. तिथली सर्क्लिप (दांडा अडकवून ठेवणारी तारेची रिंग) नवी टाका.

टाय रॉड किंवा एंड बदलला की चाकांची दिशा बिघडते. यासाठी अलाइनमेंटच्या मशीनची गरज नाही. हँडल सरळ बांधा, दोन्ही टायरच्या मध्यावर, पुढच्या बाजूला, हबच्या उंचीला खडूची खूण करा आणि अंतर मोजा. गाडी पुढे ढकला, त्याच खुणा मागे त्याच उंचीला आल्या की परत मोजा. वाकडा रिम असला तरी माप फसत नाही, कारण मोजता ती जागा तीच असते. किती मिलिमीटर फरक ठेवायचा ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलात बघा, अंदाजाने नको. रॉड फिरेना म्हणून पान्यावर पाइप चढवू नका. बऱ्याच गाड्यांत एका टोकाला उलटे आटे असतात.

आणि कॅसल नटची (वरून खाचा असलेला, पिनेने अडकवायचा नट) खाच पिनेच्या भोकासमोर आली नाही, तर नट मागे सैल करू नका, पुढेच आवळा. स्प्लिट पिन नवी घाला. जुनी सरळ करून परत घातलेली पिन मी दोन बोटांत मोडून दाखवतो, मग कोणी वाद घालत नाही.