सेटिंग खाली आणली तरी फ्रेम वाढेनात: राइझन ५६०० आणि ३०६० चा माझा अनुभव

राइझन ५ ५६०० हा प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि १४४ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर. या मशीनवर सायबरपंक २०७७ या गेममध्ये बाजारातल्या गर्दीत शिरलं की फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० च्या खाली जायचा. ग्राफिक्स हायवरून लोवर आणलं तरी आकडा जागचा हलत नव्हता. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची खूण. सेटिंग उतरवून फ्रेम वाढत नसतील तर नवं कार्ड घालूनही वाढणार नाहीत, आणि नेमके याच टप्प्यावर बरेच जण कार्डांच्या किमती बघायला लागतात.

मोजणी सुरू करण्याआधी बिनखर्चाची कारणं बाजूला केली. मॉनिटरची केबल कार्डालाच हवी. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे केबल मदरबोर्डला लावली तर चित्रच येत नाही. ५६००जी किंवा इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरवर मात्र चित्र येतं आणि गेम त्या दुबळ्या ग्राफिक्सवर चालू शकतो. मग विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते) बघितला, कारण नवा मॉनिटर अनेकदा ६० वरच राहिलेला असतो. गेममधला व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या रिफ्रेशला बांधणारा पर्याय), ड्रायव्हरमधला मॅक्स फ्रेम रेट आणि रिवाट्युनर या फ्रेम मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधली मर्यादा, तिन्ही बंद केली. फ्रेम रेट ६० किंवा १३८ अशा आकड्यावर सरळ रेषेत उभा असेल तर हार्डवेअरकडे बघायचंच नाही. कुठेतरी मर्यादा लागलेली असते. (१३८ हा १४४ हर्ट्झवर जी-सिंक (मॉनिटरचा रिफ्रेश कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारं), व्ही-सिंक आणि रिफ्लेक्स (गेममधला उशीर कमी करणारं) एकत्र चालू असल्याचा आकडा.)

मोजायला एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्युनर पुरतं. स्क्रीनवर घ्यायचं ते एवढंच: कार्डाचा वापर, कार्डाचे वॅट आणि क्लॉक (चालण्याचा वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धारेचा) वापर आणि फ्रेम टाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख. गेममध्ये तयार बेंचमार्क आहे, पण मला अडचण बाजारात होती, म्हणून एकच सेव्ह आणि त्याच रस्त्याने चालणं. पहिली फेरी धरायची नाही. त्यात शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि फाइल लोड होण्याचे गचके मिसळलेले असतात.

कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्डच अडवतंय. इथे तो साठीत रेंगाळत होता. प्रोसेसर मात्र एकूण अर्धाही वापरात दिसत नव्हता, आणि इथेच फसायला होतं. ५६०० ला १२ थ्रेड आहेत, म्हणजे एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो ८ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. वर विंडोज ते काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे कुठलाच थ्रेड सतत १०० वर दिसेल असंही नाही. म्हणून मी निकाल कार्डाच्या वापरावरून लावतो. तोही वॅट बघूनच: या कार्डाची मर्यादा १७० वॅट आहे. वापर ९९ टक्के पण वॅट आणि क्लॉक निम्म्यावर असतील, तर कार्ड जोर लावत नाहीये, फक्त मंद चालतंय.

खात्रीसाठी रिझोल्यूशन १२८० × ७२० केलं. पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर आले, फ्रेम रेट तोच. कार्ड निर्दोष सुटलं. अशा वेळी डीएलएसएसही (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणारं तंत्र) उपयोगाचं नाही, कारण १०८०पीवर क्वालिटी मोड आतून ७२०पीच काढतो.

आता प्रोसेसर स्वतः कमी पडतोय की त्याला माल (डेटा) वेळेवर मिळत नाहीये, हे शोधायचं. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये खेळताना प्रोसेसरचा क्लॉक ४.४ गिगाहर्ट्झच्या जवळ टिकून होता आणि तापमान ९० अंशांच्या मर्यादेपासून बरंच लांब होतं. विदर्भातल्या मे महिन्यात, कूलरवर धूळ बसलेली असताना, हीच नोंद वेगळी येऊ शकते. तापमान मर्यादेला टेकलं आणि क्लॉक पायऱ्यापायऱ्यांनी उतरला, तर पुढचं सगळं सोडून आधी कूलर साफ करायचा आणि पेस्ट बदलायची.

मग हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडचा मेमरी टॅब उघडला. चॅनेल: सिंगल, म्हणजे रॅमपर्यंतच्या दोन वाटांपैकी एकच वापरात. फ्रिक्वेन्सी: १०६६. डीडीआरमध्ये तो आकडा दुप्पट करायचा, म्हणजे २१३३. स्टिकवर मात्र ३२०० छापलेलं. एका चॅनेलवर २१३३ म्हणजे सेकंदाला साधारण १७ जीबी. दोन चॅनेलवर ३२०० म्हणजे ५१.२ जीबी. तिपटीचा फरक. शिवाय या प्रोसेसरमध्ये आतली इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारी वाट) सहसा रॅमच्याच क्लॉकवर चालते, त्यामुळे तीही मंदावते. गर्दीतल्या प्रत्येक माणसाचा, गाडीचा हिशेब प्रोसेसरच्या ३२ एमबी कॅशमध्ये (आतल्या छोट्या, जलद मेमरीत) मावत नाही. प्रोसेसर रॅमची वाट बघतो, आणि ती वाट बघणंही टास्क मॅनेजरमध्ये काम म्हणूनच मोजलं जातं.

‘पुढे वाढवता येईल’ म्हणून एकच १६ जीबीची स्टिक टाकायची दुकानदारांची सवय मला पटत नाही. त्याऐवजी ८ च्या दोन घ्याव्यात.

बदल एकेक करून केले. आधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारा पर्याय, चालू केलं (काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी). पहिल्यांदा चालू होताना स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते. तेव्हा पॉवर बंद करायची नाही. अजिबातच उठलं नाही तर सीएमओएस क्लिअर करून (बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणून) ३००० वर प्रयत्न करायचा. नंतर त्याच मॉडेलची दुसरी स्टिक घातली. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर जोडी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसते. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी घातली तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात. वेगवेगळ्या जातीच्या स्टिक एकत्र केल्या तर दोन्ही मंद स्टिकच्या वेगाने चालतात.

दोन्ही बदलांनंतर त्याच बाजारात कार्डाचा वापर नव्वदीत गेला आणि ग्राफिक्सच्या सेटिंगना अर्थ आला. क्राउड डेन्सिटी (गर्दी किती दाट ते) प्रोसेसरच्या खात्यात, रिफ्लेक्शन कार्डाच्या. रे ट्रेसिंग दोघांनाही जड. ८ जीबीचं कार्ड असेल तर टास्क मॅनेजरमध्ये शेअर्ड जीपीयू मेमरी (कार्डाची मेमरी अपुरी पडल्यावर वापरली जाणारी रॅम) चढतेय का तेही बघावं. चढत असेल तर टेक्श्चर एक पायरी खाली.

बायोस अपडेट केलं की एक्सएमपी बहुतेक वेळा परत बंद होतं. अपडेटनंतर सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसतंय का, ते बघून घ्यायचं.