काहीच न करण्याचं काम

फुटबॉलमधला गोलकीपर म्हटलं की लोकांना डाइव्ह आठवते. हवेत आडवा झालेला माणूस, बोटाच्या टोकाला घासून गेलेला बॉल, मग तोच रिप्ले चार अँगलने. मी पण त्याच नादाने ग्लोव्ह्ज घातले, आणि पुढे बरीच वर्षं एका अगदी साध्या लेव्हलच्या टीमसाठी गोलमध्ये उभा राहिल्यावर कळलं की डाइव्ह शिकता येते हो, चिखलात दोनशे वेळा पडलं की जमते, पण नुसतं उभं राहणं जमता जमत नाही.

पेनल्टीचंच घ्या. बॉल ११ मीटरवर, मागे ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल, आणि जोरात मारलेली किक यायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. म्हणून कीपर अंदाज बांधून आधीच एका बाजूला झेपावतो. २००७ मध्ये इस्रायली संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्यात त्यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या २८६ पेनल्टी तपासल्या. साधारण २९ टक्के किक मधल्या भागात होत्या आणि कीपर मध्ये थांबला होता जेमतेम ६ टक्के वेळा! आकडे बघून हसू येतं पण मला ते कीपर पूर्ण कळतात. डावीकडे उडी मारली आणि बॉल उजवीकडून गेला तर लोक म्हणतात बिचाऱ्याने प्रयत्न केला. जागेवर उभा राहिला आणि गोल झाला तर म्हणतात, हा काय खांब आहे का?

वन ऑन वनला तर हे अजून वाईट. समोरून स्ट्रायकर एकटा पळत येतोय, डिफेन्डर मागे ओरडतायत, आणि पायांना काहीतरी करायचं असतं. माझं कायम तेच व्हायचं, मी जाऊन लोटांगण घालायचो, तो शांतपणे बाजूने बॉल काढून आत ढकलायचा. एकदा प्रॅक्टिसनंतर कोच म्हणाले, "अरे, तो तुला पाडतच नव्हता, तूच पडलास." एवढंच बोलले आणि कोन्स गोळा करायला निघून गेले. त्या वाक्याने माझं जेवढं भलं झालं तेवढं कुठल्या ड्रिलने झालं नाही.

२०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमधली ती १२३व्या मिनिटाची सेव्ह आठवते? अर्जेंटिना-फ्रान्स ३-३, फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर. लोकांना अर्जेंटिनाच्या कीपरचा, एमिलियानो मार्टिनेझचा, पसरलेला डावा पाय आठवतो. मला त्याच्या आधीचा क्षण आठवतो, तो पुढे आला, अंग मोठं केलं आणि शॉट सुटेपर्यंत खाली गेलाच नाही. त्या वेळी खाली न जाणं म्हणजे काय असतं हे गोलमध्ये उभ्या राहिलेल्या माणसालाच कळेल. बरं, हा माणूस थांबण्यात आधीच मुरलेला होता. २०१० मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला आला, मग वर्षानुवर्षं या क्लबकडे लोनवर म्हणजे उसना, त्या क्लबकडे लोनवर, आणि खरी सलग संधी मिळाली २०२० च्या जूनमध्ये, ती पण पहिल्या कीपरला दुखापत झाली म्हणून. फॉरवर्डला शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात, विंगवर टाकतात, कुठेतरी बसवतात. कीपरची जागा एकच. दोन नंबरचा कीपर वॉर्म-अपला घाम गाळतो आणि जॅकेट घालून बसतो, पुढच्या आठवड्यात परत तेच.

याच्या उलट बाजूला ब्राझीलचा कीपर बार्बोसा. १९५० च्या वर्ल्ड कपची शेवटची मॅच, माराकाना स्टेडियम, कप जिंकायला ब्राझीलला बरोबरी पुरली असती. उरुग्वेचा पहिला गोल त्यांच्या गिजियाने बाजूने आत टाकलेल्या क्रॉसवर झाला होता, म्हणून ७९व्या मिनिटाला गिजिया परत त्याच बाजूने आत आला तेव्हा बार्बोसा क्रॉससाठी पाऊलभर पोस्टपासून सुटला, आणि बॉल त्याच फटीतून गेला. निर्णय मूर्खपणाचा नव्हता, उलट हुशारीचा होता, फक्त पाऊल आधी पडलं. २००० साली तो वारला तोपर्यंत लोकांनी त्याला तो गोल विसरू दिला नाही.

म्हणून "झालं ते विसरून जा" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. कोण विसरतं? गोल झाला की जाळीत अडकलेला बॉल काढायला बहुतेक वेळा तूच वाकतोस, सगळ्या मैदानाकडे पाठ करून, आणि मग किक-ऑफपर्यंत तू एकटा. बाकीचे दहा जण निदान एकमेकांवर ओरडू शकतात. त्या मिनिटभरात डोक्यात जे येतं ते मी हल्ली हाकलत नाही, त्याला सांगतो नंतर ये. शब्दशः, ओठ हलवून. मग पाण्याचा घोट, दोन्ही पोस्टला हात, सहा यार्डाच्या रेषेवर टाचेने खूण. बघणाऱ्याला अंधश्रद्धा वाटेल, वाटू दे.

आता हे मॅचपुरतं झालं, त्यापलीकडचा अंधार वेगळा असतो आणि तिथे टाचेची खूण वगैरे चालत नाही. इटलीचा कीपर बुफॉन, त्याने नंतर स्वतःच सांगितलं की २००३-०४ च्या सुमारास त्याला डिप्रेशन आलं होतं, आणि त्याने मदत घेतली. २००६ चा वर्ल्ड कप इटलीने जिंकला तेव्हा अख्ख्या स्पर्धेत त्याला फक्त दोन गोल बसले, एक आपल्याच डिफेन्डरचा आणि एक झिदानची पेनल्टी.

माझी गोष्ट फारच छोटी. मागच्या महिन्यात नियर पोस्टला, म्हणजे शॉट मारणाऱ्याच्या जवळच्या खांबाकडून, सोपा गोल खाल्ला, अगदी शेंबड्या पोराने अडवला असता असा. नंतर ये म्हटलं. तो घरी आल्यावर ग्लोव्ह्ज धुताना आला, बादलीत काळं पाणी उतरत होतं तेवढ्यात. तीन-चार वेळा नीट बघितला. शॉट सुटायच्या आधीच माझा डावा पाय उचलला गेला होता.