सिस्टर गेल्याचं कळवताना

आमच्या सिस्टर गेल्या, त्यानंतर सगळ्यात अवघड काम होतं ते बातमी देण्याचं. एरवी माणूस गेलं की ग्रुपवर फोटो येतो आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. त्यांच्या मुलीने तसा मेसेज लिहूनही ठेवला होता. मी तिला म्हटलं, थांब थोडी.

सिस्टरांची सगळी नोकरी ठाण्याच्या सरकारी मनोरुग्णालयात झाली. हे रुग्णालय १९०१ सालचं. निवृत्त झाल्यावरही त्यांचा फोन सुरूच असायचा. त्या फोनमध्ये ज्यांचे नंबर होते, त्यातले कितीतरी जण वाईट रात्री त्यांच्याशी बोलून सकाळपर्यंत तग धरत. अशा माणसाला ही बातमी रात्री, एकटं असताना, मोबाइलवर कळावी हे मला सहन होईना.

मग आम्ही दोघींनी फोन घेऊन एकेक नाव पाहिलं. आमच्या स्वमदत गटात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला शुभंकर म्हणतात. आधी शुभंकरांना फोन केले. शुभार्थीला कधी आणि कसं सांगायचं ते त्यांनी ठरवावं, पण शक्यतो सकाळी, गोळ्या आणि नाश्ता झाल्यावर, समोर बसून सांगावं, असं सुचवलं. ‘मोठ्या प्रवासाला गेल्या’ वगैरे गोलमाल बोलू नका, सरळ ‘वारल्या’ म्हणा, हेही सांगितलं. ज्याचं मन आधीच शंकांनी भरलेलं असतं, त्याला अर्धवट बोलणं फार त्रास देतं. आणि पुढचे काही दिवस झोपेवर लक्ष ठेवा. हे सिस्टरांचंच शिकवणं. ‘झोप गेली की लगेच कळव, भांडणं सुरू व्हायची वाट बघू नकोस,’ असं त्या मला कायम बजावायच्या. आजार उलटण्याची पहिली खूण बऱ्याचदा झोपेतच दिसते.

माझ्या दादाला मीच सांगितलं. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “माझा रक्ताचा रिपोर्ट आता कोण बघणार?” बाहेरच्या कुणाला हे कोरडं वाटेल. मला तेव्हाच रडू फुटलं. दादाला क्लोझापिन सुरू आहे. दुसऱ्या औषधांनी फरक पडत नाही तेव्हा देतात ते हे औषध. त्याने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या कमी होतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, पुढे महिन्याला. तारखा सिस्टर लक्षात ठेवायच्या. दादाला साधा ताप आला किंवा घसा दुखला, तरी ‘आधी रक्त तपासा’ म्हणून मागे लागायच्या. रिपोर्ट डॉक्टर बघतच होते. पण दादाच्या मनात ते काम सिस्टरांचं होतं.

नंतर मुलीच्या मनात आलं की सगळ्यांच्या आठवणींची एक पुस्तिका काढावी. कुणी शिक्षिका गेली असती, तर विद्यार्थ्यांनी आपणहून नावानिशी लिहून दिलं असतं. इथे आठवण सांगायची म्हणजे स्वतःचा आजार चारचौघांत सांगणं आलं. ज्या शहराचं नाव घेऊन लोक अजून ‘याला ठाण्याला पाठवा’ अशी चेष्टा करतात, तिथे हे सोपं नाही. एका घरात मुलीचं लग्न ठरत होतं, त्यांनी हात जोडले. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात रुग्णाला दिलेला आहे, आणि उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आमची पुस्तिका घरगुती, पण आम्ही तोच नियम धरला. लिहिलेलं प्रत्येकाला वाचून दाखवलं. नाव घालू का, गाव घालू का, आजाराचं नाव घालू का, असं वेगवेगळं विचारलं. कुणी होकार देऊन मागे घेतला, तर कारण न विचारता पान काढून टाकलं. यात वेळ फार गेला. घाई करणाऱ्या नातेवाइकांना मी ऐकून घ्यायला लावलं.

आलेल्या आठवणी किती साध्या होत्या! लिथियम, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध, घेणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “उन्हाळा लागला की त्यांचा फोन ठरलेला. पाणी पितेस ना, जेवणातलं मीठ एकदम बंद केलं नाहीस ना?” शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं आणि ते अंगावर येतं. लिथियमच्या तपासणीसाठी रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, हेही त्यांनी पाठ करून घेतलेलं. एका निवृत्त कक्षसेवकाने सांगितलं, की वॉर्डातल्या कुणाचा भांग कुठल्या बाजूला हे सिस्टरांना माहीत असायचं, आणि सणाला त्या आठवणीने गजरे आणायच्या. रुग्णाचं डोकं सक्तीने भादरू नये, त्याला हवे तर स्वतःचे कपडे घालू द्यावेत, हे २०१७च्या कायद्यात आलं. सिस्टरांनी त्यासाठी कायद्याची वाट पाहिली नव्हती. मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते हेच. इंजेक्शन कुणीही शिकतं. समोरच्याला भांग कसा आवडतो, हे विचारणारं माणूस मिळणं कठीण.

स्मरणसभा नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये झाली. दाराशीच सांगत होतो, फोटो काढू नका. ज्यांना गर्दीत बसवत नाही त्यांच्यासाठी दाराजवळच्या खुर्च्या राखल्या होत्या. भाषणं मोजकी ठेवली. दादा बोलणार नव्हता, पण उठला आणि म्हणाला, “त्या मला वेडा म्हणाल्या नाहीत. आणि ‘तुला काही झालेलं नाही’ असंही म्हणाल्या नाहीत.” पुस्तिकेतल्या त्याच्या पानाखाली त्याचं पूर्ण नाव आहे. ते त्याने स्वतः ठरवलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्यावर चिडला.

फोनचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. तो वाजतच होता. मुलगी नर्स नाही, औषधांबद्दल ती काय सांगणार? तरी नंबर लगेच बंद करायचा नाही असं तिने ठरवलं. फोन आला की ती आईचं सांगते, थोडं बोलते आणि डॉक्टरांकडे किंवा ‘टेलिमानस’कडे पाठवते. १४४१६ ही मानसिक आधाराची सरकारी फोनसेवा २०२२ सालापासून आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. पुस्तिकेच्या मागच्या पानावर तो नंबर मोठ्या अक्षरात छापलाय. काहींनी तो लावून पाहिला. काही जण अजून मुलीलाच फोन करतात, आणि ती उचलते.