३०० बिट ते फायबर: आमच्या पडवीत सोडवलेलं गणित

यंदा पावसाच्या आधी आमच्या देवगडजवळच्या वाडीत फायबर आलं, पोरं खांबांवरून काळी बारीक वायर ओढत थेट पडवीपर्यंत आली, भिंतीवर डबा ठोकला आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन चालू. त्याच आठवड्यात माळ्यावरून आंब्याच्या रिकाम्या पेट्या उतरवताना मी मुंबईत नोकरीला असतानाचा मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडायचा डबा, हाताला लागला. नववीतल्या पुतणीने त्याच्यावरचं ५६के वाचलं, वहीत १०० भागिले ५६ केलं आणि म्हणाली, काका, हे तर दुप्पट पण नाही झालं!

बसलो मग दोघं पडवीत. बिट म्हणजे शून्य किंवा एक अशी एकेक खूण, बीपीएस म्हणजे सेकंदाला किती बिट. के म्हणजे हजार, एम म्हणजे दहा लाख, म्हणून एकीकडे ५६,००० बिट आणि दुसरीकडे १०,००,००,००० बिट, दर सेकंदाला. भागाकार आला साधारण १७८६. तेव्हाच ठरवलं की आधी दोन्ही आकडे साध्या बिट प्रति सेकंदात आणायचे, शून्यं एकूणएक लिहायची, आणि मगच भागायचं. मी सवयीने १०२४ ने गुणायला निघालो होतो, पण ते मेमरीचं आणि काही ठिकाणी फाइलच्या साइझचं माप, लाइनचा वेग सरळ १००० नेच मोजतात.

दुसऱ्या दिवशी तिने एक फाइल उतरवून बघितली तर स्क्रीनवर १२ च्या आसपास आकडा, तिला वाटलं आपल्याला कमी वेग दिलाय. तसं नव्हतं. प्लॅन बिटमध्ये विकतात आणि स्क्रीन बाइटमध्ये दाखवते, ८ बिटांचा १ बाइट, १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. वाशीला पेटीचा भाव लागतो आणि दारात गिऱ्हाईक डझनाचा विचारतं, तसंच हे, माल तोच. सुरुवातीच्या काळातल्या मोडेमच्या बाबतीत मात्र ८ ने भागून चालत नाही, कारण तेव्हा प्रत्येक अक्षराच्या पुढे एक स्टार्ट बिट आणि मागे एक स्टॉप बिट जायचा. पेटीत आंब्यांसोबत पेंढा घालावाच लागतो ना, तसं ८ बिट आंबे आणि २ बिट पेंढा, म्हणून तिथे १० ने भागायचं. हे तिला एका झटक्यात कळलं.

बॉडने, म्हणजे लाइनवर सेकंदाला किती वेळा सिग्नल बदलतो त्या आकड्याने, थोडं अडवलं. १९६२ सालचा बेल १०३ मोडेम ३०० बॉड आणि वेगही ३०० बिट, त्यामुळे दोन्ही एकच असं वाटतं. पण नंतरचा २४०० वाला, व्ही.२२बिस, तो लाइनवर सेकंदाला ६०० वेळाच सिग्नल बदलतो, दर वेळी ४ बिट एकदम पाठवतो. म्हणून बॉडचा आकडा दिसला की एका बदलात किती बिट ते आधी बघायचं.

आणि खरी मजा मला पुढे आली. टेलिफोनवरचा आवाज डिजिटल करताना सेकंदाला ८००० वेळा मोजतात, दर मोजणीला ८ बिट, म्हणजे एका बोलण्याला ६४,००० बिट. फायबरवरची एसटीएम-१ नावाची वेगाची जी ठरलेली पायरी आहे तिची चौकट, म्हणजे एका खेपेचा डेटा, ९ ओळी आणि २७० रकान्यांची, प्रत्येक घरात ८ बिट, आणि अशा चौकटी सेकंदाला ८०००! गुणाकार करून बघा, १५,५५,२०,००० येतो, म्हणजेच १५५.५२ एमबीपीएस. त्याच्या १६ पट २.४८८ जीबीपीएस, आणि घरोघरी येणाऱ्या जीपॉन फायबरचा उतरता (डाउनलोडचा) वेग नेमका तोच, जो बऱ्याचदा ३२ घरांत वाटला जातो. काचेच्या तारेतून उजेड धावतोय तरी ताल अजून जुन्या टेलिफोनचाच आहे, हे हाताने गुणून सापडलं तेव्हा मी दोनदा तपासलं. १५५.५२ एमबीपीएसला त्या पहिल्या मोडेमच्या ३०० ने भागलं तर ५,१८,४०० पट, बाकी शून्य.

शेवटी पट सांगून आईला काही कळेना, म्हणून वेळ काढला. ४ एमबीचा, म्हणजे ४० लाख बाइटचा, गणपतीचा फोटो आमच्या फायबरवर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात जातो. ९६०० च्या मोडेमवर पेंढा धरून १ तास ९ मिनिटं. ३०० वर ४ कोटी बिट भागिले ३००, म्हणजे ३७ तास. चतुर्थीला सकाळी आठला पाठवायला घेतला असता तर ऋषिपंचमीला रात्री नऊला पोचला असता, आणि आमचा गणपती दीड दिवसाचा.

"म्हणजे विसर्जन झाल्यावर," आई म्हणाली. पुतणीने तेच वाक्य शाळेच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.