मोतीबिंदूचं ऑपरेशन मुंबईत करून घेतलं

मी जुन्नरकडचा शेतकरी, सत्तरी ओलांडलेला. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. नजर अंधुक झाल्यापासून रात्रीची मोटार चालू करायला पुतण्याला झोपेतून उठवावं लागायचं. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण लाल की पिवळा, म्हणजे औषध किती विषारी, तेही त्यालाच विचारायचं. याचा मनाला फार त्रास व्हायचा.

गावात सगळे म्हणायचे, "मोतीबिंदू पिकू दे, मग काढ." लेकीनं ते ऐकलं नाही. मुंबईत काळाचौकीला घरी बोलावून घेतलं आणि सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, पिकायची वाट बघायची नसते. कडक झाला की काढायला अवघड जातो." गावाकडच्या लोकांना हे कुणीतरी ठासून सांगायला हवं.

केसपेपर, रांग, बीपी, ईसीजी. रक्तात साखर जास्त निघाली म्हणून तारीख पुढं गेली. चाळीतल्या खोलीत बसून राहणं जड गेलं, पण गोळ्या बदलल्या, पथ्य पाळलं आणि साखर उतरली.

एक तपासणी लक्षात राहिली. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रात पाणी सोडतात. ते घशात खारट लागलं की आसवांची वाट मोकळी आहे असं समजायचं. तिथं जंतू साठलेले असले तर ऑपरेशन करत नाहीत. मग डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा मोजून डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढला. प्रत्येकाचा वेगळा येतो.

डोळ्याशेजारी सुई देऊन बधिर केलं. मी जागाच होतो. "बाबा, हलू नका," एवढंच ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तर वॉर्डाची जी भिंत मी पिवळट समजत होतो ती पांढरी निघाली! भिंगासकट एक पैसा लागला नाही. हे सरकारच्या अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झालं; तो 1976 पासून चालू आहे.

खरी कसोटी नंतर. थेंब वेळेवर घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धूळ आणि गोठा महिनाभर बंद. म्हणून शेतकऱ्यानं पेरणीच्या तोंडावर तारीख घेऊ नये. डोळा लाल झाला, ठणकला किंवा दिसायचं कमी झालं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच जा.

भिंग लांबचं असल्यानं वाचायला चष्मा लागतो. मोटारीवर मात्र आता मीच जातो. दुसऱ्या डोळ्याचं कांदे निघाले की करून घेणार आहे.