ऑक्टोबरमध्येच या, असं मी का सांगते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. खरं तर विचारणारे दोन प्रकारचे आहेत. गावाकडची माणसं विचारतात, पुण्यात करमतं का? आमची आत्या तर फोन उचलल्या उचलल्या, जेवलीस का म्हणायच्याही आधी, 'करमते का वं तिकडं?' म्हणते. आणि नोकरीचं पत्र हातात पडलेल्या, पुण्यात खोली शोधणाऱ्या आपल्या बुलढाण्याच्या, चिखली-मेहकरकडच्या मुली विचारतात, 'ताई, तू सगळ्यांना ऑक्टोबरमध्येच ये म्हणतेस. पाऊस सरलेला, थंडी पडायची असते. तेव्हा पुण्यात असतं काय?'

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच. करमतं, आणि ते करमायला लागलं शरदात.

पावसाळ्यात नव्या माणसाला शहर भेटतच नाही. पीजीची खोली, न वाळलेले कपडे, कंपनीची बस आणि परत खोली. डिसेंबर उजाडला की शहर आपापल्या कार्यक्रमांत, लग्नांत, गाण्याच्या मैफलींत शिरतं. तिथे जायला तिकीट लागतं, नाहीतर सोबत लागते. मधल्या सहा-सात आठवड्यांत मात्र जे काही घडतं ते रस्त्यावर, टेकडीवर, सोसायटीच्या आवारात घडतं. ओळख नसली तरी कुणी 'तू कोण?' म्हणून विचारत नाही.

उन्हाचा चटका असतो, तो मी नाकारत नाही. पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पुण्यातून माघारी फिरतो. ढग जातात, पण जमीन अजून ओली असते. ऊन थेट अंगावर येतं आणि जमिनीतली ओल वर उठते, म्हणून दुपारी घाम नुसता चिकचिकतो. पण ढगांचं पांघरूण निघाल्यामुळेच हीच जमीन रात्री भराभर निवते. दुपारी ३२ अंशांच्या आसपास असलेला पारा पहाटे बऱ्याचदा २० च्या खाली येतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे, त्याचाही हा फायदा. मुंबईतल्या माझ्या मैत्रिणींना हे सुख मिळत नाही. नोकरी करणारीच्या हातात दिवसाचे जे दोन तुकडे उरतात, सकाळ आणि संध्याकाळ, नेमके तेच या दिवसांत सगळ्यात देखणे असतात.

शरद आला हे मला कॅलेंडरच्या आधी सातविणीचं झाड सांगतं. हिंजवडीहून येणारी बस कर्वेनगरला सोडते, तिथून खोलीपर्यंत मी चालत येते. एका संध्याकाळी वळणावर अचानक दाट, गोडसर, काहीसा उग्र वास येतो. वर पाहिलं तर फुलं दिसतही नाहीत. हिरवट पांढरे, बारीक फुलांचे गुच्छ पानांत लपलेले असतात. पानं हाताच्या बोटांसारखी एकाच जागेवरून फुटलेली, बहुतेक ठिकाणी सात, कुठे पाच-सहाही. पूर्वी याच्या हलक्या लाकडाच्या लिहायच्या पाट्या करत. बारमाही हिरवं राहतं आणि लवकर वाढतं म्हणून हे झाड पुण्याच्या रस्त्यांवर भरपूर लावलेलं आहे. आमच्या पीजीतल्या एकीचं या वासाने डोकं दुखतं, ती खिडकी लावून घेते. मी उघडते. मला या वासाचे रस्ते पाठ झालेत, कुठल्या गल्लीच्या तोंडाशी, कुठल्या शाळेच्या कुंपणाला सातवीण आहे ते. नव्या शहरात एवढी खूण पुरेशी असते. सकाळी खाली लावलेल्या गाड्यांच्या सीटवर सातविणीच्या फुलांचा चुरा पडलेला असतो.

आता टेकडी. वेताळ टेकडी पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, साधारण ८०० मीटर. कोथरूडच्या बाजूने, विधी महाविद्यालय रस्त्याच्या बाजूने, पंचवटीतून, कुठूनही चढता येते. श्रावणात हिरवंगार असलेलं गवत आता शेंड्याकडून पिवळं पडायला लागलेलं असतं. सकाळी सातला कोवळ्या उन्हात अख्खा उतार तांबूस सोनेरी होतो. वरच्या जुन्या खाणीत पाणी असतं. मोराचा आवाज येतो, आणि शेपटी खालीवर हलवत चालणारे धोबी पक्षी उत्तरेकडून नुकतेच आलेले असतात. तेही इथे नवखेच.

टेकडीवरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कुसळ आहे. बूट, मोजे, पँटचा काठ, सगळीकडे घुसणारं, टोचणारं. मी एकदा दगडावर बसून मोज्यातून कुसळं उपटत होते, तेव्हा रोज फिरायला येणारे एक आजोबा थांबले. म्हणाले, 'फेकू नकोस, एक तळहातावर ठेव.' त्यांनी बाटलीतलं थोडं पाणी त्याच्यावर सोडलं. कुसळाला खाली टोकदार बी असतं, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस असतात, आणि वर काळपट, पीळ पडलेली लांब शेपटी. पाणी लागताच ती शेपटी हलायला लागली. पीळ उलगडत ते कुसळ माझ्या हातावर हळूहळू गोल फिरत राहिलं, जिवंत असल्यासारखं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत पडतो. या फिरण्याने बी स्वतःला जमिनीत रोवून घेतं आणि उलटे केस त्याला मागे सरकू देत नाहीत. पुढच्या पावसापर्यंत ते तिथे सुखरूप. आमच्याकडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हेच गवत असतं, गुरं चारताना पायाला टोचतं, पण ते असं काही करतं हे मला पुण्यात येऊन कळलं. तेव्हापासून आजोबांचा घोळका मला नमस्कार करतो. मी कुठली, काय करते, पगार किती, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. 'आज कुठपर्यंत जाऊन आलीस?' एवढंच विचारतात. या टेकडीतून रस्ता न्यायचा प्रस्ताव आहे आणि शहरातली माणसं वर्षानुवर्षं त्याला विरोध करत आली आहेत. मीही त्यांच्याच बाजूची आहे. माझ्यासारख्या हजारो जणींचं पुण्यात स्वतःचं अंगण नाही, ही टेकडीच आमचं अंगण आहे.

सणांचं सांगताना एक गोष्ट लक्षात ठेवा. झाडं आणि पाऊस सूर्याच्या हिशोबाने चालतात, सण चंद्राच्या. म्हणून दरवर्षीचा शरद वेगळा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, त्यामुळे दसरा २४ ऑक्टोबरला पडला, कोरड्या खडखडीत हवेत. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरलाच आला, म्हणजे पाऊस माघारी फिरण्याच्या नेहमीच्या दिवसांच्याही आधी. तेव्हा येण्याआधी पंचांग बघून घ्या.

नवरात्रात सेनापती बापट रस्त्यावर चतुःशृंगीची जत्रा असते, तिथे गर्दीत एकटीनेही मजेत फिरता येतं. तांबडी जोगेश्वरीला पहाटे जा, दर्शन निवांत होतं. दसऱ्याला सोनं घेताना पान बघून घ्या. आपट्याचं पान छोटं, जाड आणि खरखरीत असतं. मोठं, मऊ पान दिसलं तर ते कांचनाचं. आणि खरं सांगायचं तर झाड ओरबाडून पोती भरण्यापेक्षा एखादं पान दिलं तरी सोनं पोचतं.

तुमच्यातल्या ज्या भुलाबाई मांडून वाढल्या त्यांच्यासाठी हे मुद्दाम. आपल्याकडे भुलाबाई, म्हणजे मूर्ती मांडून गाणी म्हणायचा मुलींचा सण, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर असतो. इथे नवरात्रात भोंडला असतो. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. आमच्या सोसायटीतल्या काकूंनी मला फेरात ओढलं आणि म्हणाल्या, 'आता तुमच्याकडची गाणी म्हण.' मी म्हटली. सासर-माहेर, दागिने, खिरापत, सगळं तेच, चाल तेवढी वेगळी. खिरापत ओळखायच्या वेळी तर मी अगदी घरच्यासारखी ओरडत होते.

याच दिवसांत सासवडकडची सीताफळं हातगाड्यांवर दिसतात. घेताना रंगावर जाऊ नका. डोळे मोठे, फुगीर आणि डोळ्यांमधल्या भेगा पिवळसर झालेल्या असतील तर एक-दोन दिवसांत पिकतं. भेगा हिरव्या असतील तर वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवा.

दिवाळीच्या आधीचा आठवडा मात्र किल्ल्यांचा. आपल्या भागात हे मी फारसं पाहिलं नव्हतं. पुण्यात प्रत्येक सोसायटीत, वाड्यात, गल्लीच्या कोपऱ्यावर मुलं दगड, विटा, पोती आणि माती घेऊन किल्ला बांधतात. आमच्या खालच्या मुलांनी राजगड काढला होता. मी बसमधून उतरून आत शिरले तशी एक मुलगी धावत आली, 'ताई, हे पोतं धर ना, माती ओततो.' मी पर्स खांद्याला तशीच ठेवून पोतं धरलं आणि पुढचा तास तिथेच गेला. मध्ये बालेकिल्ला, खाली तीन बाजूंना तीन माच्या. मी एका बाजूला विटांची भिंत लावली, तर चौथीतला मुलगा गंभीरपणे म्हणाला, 'ताई, ती संजीवनी माची आहे. तिला दुहेरी तटबंदी असते. एका भिंतीने नाही चालणार.' मग दुसरी भिंत घातली. सुवेळा माचीवर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ते दाखवायला त्यांनी मातीत काचेची बांगडी उभी बसवली होती, आणि तिच्यातून पलीकडचा पाण्याचा हौद खरोखर दिसत होता. उतारावर अळीव पेरला होता. दोन-तीन दिवसांत त्याचं हिरवं रान उठलं. मग कुंभारवेशीतून आणलेले मावळे, आणि सगळ्यात शेवटी सिंहासनावर महाराज. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात राजगड आहे, हे मला त्या मुलांनीच सांगितलं. त्या आठवड्यात सोसायटीतली पंधरा-वीस घरं मला नावाने ओळखायला लागली. त्याआधी मी नुसती 'दुसऱ्या मजल्यावरची पीजीवाली' होते.

दिवाळीला बहुतेक जणी घरी जातात, मीही जाते. गाडीचं आरक्षण आधी करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात खासगी बसचं भाडं परवडत नाही. पण परत आल्यावर सगळं संपलं असं समजू नका. त्रिपुरी पौर्णिमा अजून बाकी असते. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराच्या लेण्यात आणि मुठेकाठच्या ओंकारेश्वराला संध्याकाळी पणत्या लागतात. कुणीही यावं, एक पणती लावावी. वाती ज्याच्या त्याच्या, तेलाचा डबा सगळ्यांचा. शेजारचीच्या पणतीवरून आपली लावायची.

आणि दिवाळी अंक. ही परंपरा १९०९ पासूनची, आणि अप्पा बळवंत चौकात ती ढिगांनी मांडलेली दिसते. सगळे अंक विकत घेणं पहिल्या पगारात जमणार नाही. जवळचं वाचनालय शोधा. बरीच वाचनालयं एकरकमी वर्गणीत काही महिने सगळे दिवाळी अंक फिरवून वाचायला देतात. नवे अंक पटकन जातात, म्हणून नाव आधी नोंदवा. तिथेही ओळखी होतात, आणि 'तो अंक वाचून झाला का?' यावरून सुरू झालेल्या ओळखी फार टिकतात, असा माझा अनुभव आहे.

तर ज्यांची रुजू व्हायची तारीख स्वतःच्या हातात आहे, त्यांनी खोली सप्टेंबरच्या अखेरीपासून घ्या. तोवर पीजी जरा मोकळ्याही झालेल्या असतात. टेकडीवर येताना बंद बूट घाला आणि पाण्याची बाटली आणा, प्यायला आणि कुसळावर टाकायलाही. मी रविवारी सकाळी कोथरूडच्या बाजूने चढते. फोन केलात तर पायथ्याशी थांबेन.